कर शून्य आणि लेट फी पाच हजार! शाहूपुरीतल्या टॅक्सवाल्या मॅडमचा अनुभव

रेटिंग पहिलं सांगतो, ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते खाली येतंयच.

नाव लिहीत नाही कारण मॅडमनीच सांगितलंय की बाबा आधीच जुलैत जिन्यावर लाइन लागते आणखी गर्दी नको. कोल्हापुरात शाहूपुरीत पहिल्या मजल्यावर एक खोलीचं ऑफिस, खाली स्पेअर पार्टचं दुकान, वर एक मॅडम, एक पोरगा, दोन कॉम्प्युटर आणि भिंतीला टेकून छतापर्यंत गेलेल्या फायली. एसी नाही. ज्यांना शाहूपुरी माहीत आहे त्यांना एवढ्यावर सापडेल.

तर झालं असं. मी गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत स्टोअरला आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात जुनी कंपनी सोडून इथं आलो, त्यामुळं त्या वर्षाचे फॉर्म १६ (पगार आणि कापलेला कर दाखवणारं कंपनीचं सर्टिफिकेट) दोन. नव्या कंपनीचा जूनमध्येच मिळाला, जुन्या कंपनीनं फिरवून फिरवून २२ जुलैला दिला, आणि २०२४ च्या जुलैचे ते शेवटचे दिवस आठवा, पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडलेली. आमचं घर नदीकडच्या पेठेत. २०१९ आणि २०२१ दोन्ही बघितलेली माणसं आम्ही, राजाराम बंधाऱ्याचा आकडा तासातासाला मोबाईलवर बघत बसायचं आणि ४० फुटाच्या पुढं गेला की सामान वर चढवायला सुरुवात. दोन्ही फॉर्म १६, रेशन कार्ड, घराची कागदं सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकलं, आई-आप्पांना राजारामपुरीत आत्याकडं सोडलं.

खरं सांगायचं तर पाणी घरात आलंच नाही, चार घरं अलीकडं थांबलं. पण त्या गडबडीत ३१ जुलै निघून गेला. आणि दुसरं खरं म्हणजे मला वाटलेलं तारीख वाढणार. कंपनीच्या ग्रुपवर सगळे तेच म्हणत होते. २०१९ ला महापूर आला तेव्हा शेवटची तारीख ३१ ऑगस्ट होती, २०२१ ला तर ३१ डिसेंबरपर्यंत गेलेली, त्यामुळं डोक्यात बसलेलं की पूर आला की तारीख वाढते. पुराचा आणि तारखेचा काही संबंध नव्हता हे नंतर कळलं, त्या दोन्ही वेळेला कारणं वेगळी होती. २०२४ ला एक दिवस पण वाढवली नाही.

१८ ऑगस्टला रविवारी पिशवी खाली काढली आणि स्वतःच पोर्टलवर बसून रिटर्न भरलं. उत्पन्न ५ लाख २१ हजार ४००. नवीन पद्धतीत त्या वर्षी ७ लाखापर्यंत रिबेट, म्हणजे कर शून्य. मी खूश. आणि शेवटच्या पानावर खाली एक ओळ, कलम २३४एफ, ५,०००. ते भरल्याशिवाय पुढं जाईना. कर शून्य आणि उशिराचे पाच हजार! बायको म्हणाली एवढ्यात पोराची वर्षाची रिक्षा झाली असती. भरले, दुसरं काय करणार. पण डोक्यातनं जाईना.

इथनं पुढं माझी चूक सुरू होते. दिवाळीनंतर एकानं एक नंबर दिला, मोबाईलवर टॅक्सच्या रीली टाकणारा माणूस, नोटीस-दंड सगळं माफ करून देतो म्हणणारा. फोनवर म्हणाला पुराचं कारण एकदम स्ट्राँग आहे दादा, अपील टाकू, १०० टक्के परत मिळणार, फी ७,०००. मी म्हटलं अहो पाच हजार परत मिळवायला सात हजार? तर म्हणे तुमच्यासाठी साडेपाच करतो, तत्त्वाचा प्रश्न आहे. आता कोल्हापूरच्या माणसाला तत्त्वाचा प्रश्न म्हटलं की विषय संपला. १,५०० ॲडव्हान्स पाठवला. पंधरा दिवसांनी विचारलं तर पोर्टलवर एक तक्रार टाकलेली, अपील नाहीच, आणि तक्रारीचं उत्तर आलेलं की फी नियमानुसार आहे. दीड हजार गेले ते गेले.

मग कंपनीतल्या अकाउंटच्या काकांनी मॅडमचा पत्ता दिला.

डिसेंबरचा दुसरा शनिवार होता. जिन्यातच चार जण उभे, त्यातले एक मार्केट यार्डातले गुळाचे अडते, जीएसटीची नोटीस घेऊन आलेले, तासभर त्यांच्याकडनं यंदाचा गुळाचा दर ऐकला. नंबर आला तेव्हा मी पुराच्या फोटोंसकट सगळी कथा सुरू केली. मॅडमनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या फोटो ठेवा आत, रिटर्नची पीडीएफ आणि खात्याचं आलेलं इंटिमेशन (रिटर्न तपासून खातं पाठवतं ते पत्र) दाखवा.

दोन्ही बघितलं आणि पहिलंच वाक्य, "अपील करू नका."

मी जरा चिडलोच. आधी एकानं बुडवलेलं, आता ह्या पण हात वर करतायत असं वाटलं. पण त्यांनी बसवून नीट सांगितलं आणि हेच मला कुणी ऑगस्टमध्ये सांगायला पाहिजे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण सगळे ह्याला दंड म्हणतो पण कायद्यात तो दंड नाहीच, फी आहे. पूर्वी दंड होता, कलम २७१एफ, ५,००० रुपयेच, पण तो अधिकाऱ्यानं लावायचा असायचा, आणि तुम्ही वाजवी कारण दाखवलंत, आजारपण म्हणा पूर म्हणा, तर माफ व्हायची सोय कायद्यातच होती. असेसमेंट इयर (म्हणजे उत्पन्नाच्या वर्षाच्या पुढचं वर्ष) २०१८-१९ पासून ते गेलं आणि २३४एफ आलं. आता अधिकारी बघतच नाही, तारीख उलटली की मशीनच आकारतं. उत्पन्न ५ लाखाच्या वर असेल तर ५,०००, ५ लाखापर्यंत १,०००. कारण विचारायची सोयच नाही कारण कारणाला जागाच ठेवलेली नाही. टीडीएसचं (पैसे देतानाच कापलेल्या कराचं) स्टेटमेंट उशिरा भरणाऱ्यांना अशीच लेट फी आहे, त्याच्यावर लोक मुंबई हायकोर्टात गेलेले, कोर्टानं २०१५ ला सांगितलं ही फी आहे, शिक्षा नव्हे, कायद्यात बसते. (मित्र म्हणतो आता हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्याच गावात आलंय ऑगस्ट २०२५ पासून, जा की पाच हजारासाठी. तू ये बरोबर म्हटलं.)

दुसरी गोष्ट, अपील कशाविरुद्ध करायचं? खात्यानं काही वाढवून लावलं असतं तर गोष्ट वेगळी. इथं फी मी स्वतः रिटर्नमध्ये दाखवून स्वतः भरलेली, इंटिमेशनमध्ये माझाच आकडा जसाच्या तसा मान्य केलेला. मग भांडायचं कुणाशी.

आणि तिसरी गोष्ट ऐकून मला स्वतःचंच हसू आलं. अपील तेव्हा फॉर्म ३५ मध्ये करायचं असायचं, इंटिमेशन मिळाल्यापासून ३० दिवसांत. माझं इंटिमेशन सप्टेंबरातलं. म्हणजे उशिराच्या फीविरुद्धचं अपील सुद्धा उशिरा, त्याच्या उशिराला वेगळी माफी मागायची! वर सरकारी अपील फी, माझ्या उत्पन्नाला १,०००. त्या रीलवाल्यानं ह्यातलं एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

मी उठायच्या बेतात होतो. मॅडम मात्र फॉर्म १६ वर पेन्सिल फिरवत बसलेल्या. जुन्या कंपनीचा. "हे ३६,८०० कसले?" म्हटलं सोडताना शिल्लक रजेचे पैसे दिलेले. "मग ते करपात्र का दाखवलेत?" मला काय माहीत, कंपनीनं पगारात धरलेले, पोर्टलवर आपोआप आलेलं, मी पुढं पुढं दाबत गेलो.

तर विषय असा की नोकरी सोडताना मिळालेले शिल्लक रजेचे पैसे ठरावीक हिशोबात करमुक्त असतात, राजीनामा दिला असला तरी, आणि नवीन पद्धतीत पण ही सूट चालते. (नोकरीत असताना दरवर्षी रजा विकता ती नाही बरं का, ती पूर्ण करपात्र.) ते ३६,८०० काढले की उत्पन्न ४ लाख ८४ हजार ६००. म्हणजे ५ लाखाच्या आत. म्हणजे लेट फी ५,००० नाही, १,०००!

उशिरा भरलेलं रिटर्न सुद्धा रिवाइज, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा भरता येतं हे मला माहीतच नव्हतं. मुदत तेव्हा ३१ डिसेंबर, आम्ही बसलेलो १४ डिसेंबरला. (त्या वर्षी ती नंतर १५ जानेवारीपर्यंत वाढवली, पण मॅडम म्हणाल्या वाढेल वाढेल करत बसायचं नाही, जुलैत बघितलंत की.) जुन्या कंपनीकडनं रजा किती शिल्लक होती, पगार किती धरला ह्याचं पत्र आणायला लावलं. एचआरवाल्याला तीनदा फोन करून ते आणलं आणि २१ तारखेला रिवाइज्ड रिटर्न गेलं. ४,००० रुपये फेब्रुवारीत खात्यात जमा. मॅडमची फी ८००. ना अपील, ना पूर, ना फोटो.

इथंच चार स्टार झाले होते. पण पुढचं ऐका.

रिवाइज्ड भरायच्या दिवशी त्यांनी सहज विचारलं घरात आणखी कुणाचं रिटर्न राहिलंय का. मी म्हटलं आप्पांचं कधी भरतच नाही, उत्पन्नच नाही तेवढं. "एफडी आहे का?" आहे की, साखर कारखान्यातनं रिटायर झाले तेव्हाची. "१५एच देता का बँकेत?" (कर बसत नाही, टीडीएस कापू नका असं बँकेला लिहून द्यायचा फॉर्म.) आता देतो, पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. मॅडमनी पोराला सांगितलं आप्पांचा २६एएस (नावावर कापलेल्या कराचा उतारा) काढ. पोरानं काढला. २०२१-२२ चं एफडीचं व्याज १ लाख ८४ हजार, बँकेनं १० टक्के टीडीएस कापलेला, १८,४००. पेन्शन धरून एकूण उत्पन्न दोन लाखाच्या थोडं वर, साठीच्या पुढच्यांना त्या वर्षी ३ लाखापर्यंत कर नव्हता. म्हणजे अख्खे १८,४०० आप्पांचे, सरकारकडं पडून, आणि आम्हाला पत्ता नाही.

त्या वर्षाचं रिटर्न उशिरा भरायची पण मुदत ३१ डिसेंबर २०२२ ला संपलेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आप्पांना अर्धांगाचा झटका आला, पुढचे सहा महिने आम्ही दवाखाना आणि फिजिओथेरपी ह्यातच होतो, रिटर्न कुणाच्या डोक्यात असणार. मी म्हटलं ते अपडेटेड रिटर्न म्हणतात ते भरूया की. नाही चालत. अपडेटेड रिटर्न जादा कर भरण्यासाठी असतं, त्यातनं रिफंड मागता येत नाही.

मग मॅडमनी जो रस्ता सांगितला तो म्हणजे कलम ११९(२)(बी), विलंब माफीचा अर्ज. इथं मात्र कारण चालतं! खरी अडचण होती हे पटवून द्यायचं, मग आयकर आयुक्त मुदत संपलेलं रिटर्न भरायला परवानगी देऊ शकतात. १ ऑक्टोबर २०२४ ला ह्याचं नवीन परिपत्रक आलं, त्यानुसार १ कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय आयुक्त पातळीवर होतो, असेसमेंट इयर संपल्यापासून ५ वर्षांच्या आत अर्ज करायचा, आणि शक्यतो ६ महिन्यांत निकाल द्यावा असं आहे. उशिराच्या रिफंडवर व्याज मात्र मिळत नाही. फी ३,०००, निम्मी आधी, निम्मी ऑर्डर आल्यावर. आधीच सांगितलं की ऑर्डर विरुद्ध गेली तर उरलेली निम्मी घेणार नाही, पण आधीची परत मिळणार नाही.

अर्जाचा पहिला मसुदा मीच लिहून नेलेला, दोन पानं. वडिलांनी आयुष्यभर कष्ट केले, खात्याने मोठ्या मनाने विचार करावा, असं सगळं. मॅडमनी लाल पेनानं पावणेदोन पानं खोडली. म्हणाल्या, "अहो, तिकडं रडगाणं नको, तारखा पाहिजेत." मग त्यांनी एक तक्ता केला. ह्या तारखेला ॲडमिट, ह्या तारखेला डिस्चार्ज, इथपासून इथपर्यंत उजवा हात चालत नव्हता, इथपर्यंत थेरपी, आणि प्रत्येक ओळीसमोर कुठला कागद जोडलाय त्याचा नंबर. डिस्चार्ज कार्ड, बिलं, एफडीचं व्याजाचं सर्टिफिकेट, २६एएस, बँक स्टेटमेंट. आणि २०२३ मध्ये बरे झाल्यावर लगेच का नाही केलं ह्याचं उत्तर पण आधीच लिहून ठेवलं, की टीडीएस कापलाय हेच डिसेंबर २०२४ ला कळलं. मी म्हटलं हे कशाला आपणहून सांगायचं. म्हणाल्या विचारणारच आहेत. आणि खरंच विचारलं, एप्रिलमध्ये.

एक घोळ सहीचा झाला. झटक्यानंतर आप्पांची सही बदलली, पॅनवरची ठसठशीत आणि आताची म्हणजे मुंगी शाईत बुडून कागदावर चालल्यासारखी. अर्ज आप्पांच्याच सहीनं जायला पाहिजे. मॅडमनी बँकेत पाठवून नवीन सही नोंदवून शिक्क्याचं पत्र आणायला लावलं, ते पण जोडलं. आप्पांना जिना चढवत नाही तर पोरगा खाली येऊन गाडीत सही घेऊन गेला, ही गोष्ट मला लई आवडली.

जानेवारी २०२५ ला अर्ज, जुलैच्या अखेरीस ऑर्डर, मंजूर. मग त्या ऑर्डरचा नंबर टाकून आप्पांचं रिटर्न भरलं. मला भीती होती की एवढं करून पुन्हा लेट फी लागेल, पण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असेल तर २३४एफ लागतच नाही. (वर्षाचं लाइट बिल १ लाखाच्या वर असलं किंवा परदेश प्रवासाला २ लाख घातले असले तर रिटर्न भरावंच लागतं, तिथं वेगळं गणित. आप्पांचा परदेश म्हणजे निपाणी.)

आणि व्हेरिफिकेशन. रिटर्न नुसतं अपलोड करून भागत नाही, ३० दिवसांत व्हेरिफाय करावं लागतं, नाहीतर व्हेरिफाय केलेली तारीखच रिटर्नची तारीख धरतात, म्हणजे वेळेत भरलेलं रिटर्न पण उशिराचं होऊन बसतं आणि पुन्हा ५,०००. मॅडमचा नियम आहे की ओटीपी टाकल्याशिवाय खुर्चीवरनं उठायचं नाही. आप्पांच्या आधारला जुना मोबाईल नंबर होता, ज्याचं सिम बंद होऊन तीन वर्षं झालेली. झालं, आधी आधार केंद्राची लाइन, मग नंबर बदलला, मग पाच दिवसांनी पुन्हा शाहूपुरी. तेव्हा मी वैतागलो होतो, उगं खोटं कशाला बोलू.

१८,४०० रुपये ऑक्टोबरात आले. आप्पांनी पासबुक भरून आणलं आणि दोन दिवस ते उशाखाली होतं.

आता एक स्टार का कापला. फोन उचलत नाहीत. म्हणजे उचलतच नाहीत. व्हॉट्सॲप केलं तर निळी टिक येते आणि दोन दिवसांनी "या" एवढंच उत्तर. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि टॅक्सवाल्यांनीच असं केलं म्हटल्यावर काय बोलायचं. एप्रिलमध्ये खात्याचं विचारणा पत्र आलं ते पण पोर्टलवर मीच बघितलं, त्यांच्या पोराच्या नजरेतनं सुटलेलं, मी नसतं बघितलं तर उत्तराची मुदत गेली असती. हे मॅडमना तोंडावर पण सांगितलंय, त्यांनी पोराला माझ्यासमोर झापलं, ते जरा जास्तच झालं, पोरगा कामाचा आहे.

आणि कुणी म्हणेल एवढं सगळं स्वतः पोर्टलवर होतं की. होतं. विलंब माफीचा पर्याय पोर्टलवर आहे, रिवाइज्ड तर दहा मिनिटांचं काम आहे. पण ते ३६,८०० मला दिसले नसते. मी चार महिने पाच हजारावर चिडून फिरत होतो, फॉर्म १६ कडं बघितलं कुणी.

२०२५ ला तारीख वाढली, १५ सप्टेंबर केली आणि आणखी एक दिवस १६ सप्टेंबर. ग्रुपवर पुन्हा तेच, वाढेल वाढेल. मी जूनच्या शेवटच्या आठवड्यात भरून, ओटीपी टाकून मोकळा. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत, त्यामुळं वरचे नंबर पाठ करू नका.

जाणाऱ्यांसाठी: दुपारी १ ते ४ बंद, जुलैमध्ये जाऊच नका, मे-जूनमध्ये जा. गाडी खालच्या स्पेअर पार्टवाल्याच्या दारात लावू नका, तो चाकातली हवा सोडतो, माझी एकदा सोडलीय. आणि दोन फॉर्म १६ असतील तर दोन्ही न्या, नुसती झेरॉक्स नको, मॅडमना पेन्सिलीनं खुणा करायच्या असतात त्या झेरॉक्सवर करतात पण आधी ओरिजिनल बघतात.